सात नंबरची बाटली

“ती बाटली कुठे टाकणार?”

आवाज खालून आला. मी कळव्याच्या नाल्यावरच्या छोट्या पुलावर उभी होते, पाण्याचा शेवटचा घोट घेत. खाली गुडघाभर गाळात, गमबूट घातलेला एक मुलगा मान वर करून माझ्याकडे बघत होता. हातात लांब दांड्याची जाळी, कपाळावर घाम, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात... हसू? मला खात्री नव्हती. आणि खात्री नसलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत.

“टाकणार नाहीये,” मी म्हटलं. “बॅगेत ठेवणार आहे.”

“सगळे हेच बोलतात. मग बॅगेतून कचऱ्यात, कचऱ्यातून नाल्यात आणि नाल्यातून माझ्याकडे. द्या इकडे, तिचा फेरा वाचवतो.”

मी बाटली सोडली. त्याने ती जाळीत झेलली, उलटीपालटी केली आणि टोपणावरचं वाचलं.

“क्षि. तीन अकरा... हे काय, औषध होतं?”

“एम.एस्सी.ची सवय. लॅबमध्ये नाव-तारीख नसलेली बाटली सरळ फेकून द्यायचे.”

“क्षि म्हणजे?”

“क्षिप्रा.”

“मी सम्यक. इथला सुपरवायझर.” त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. “आणि तुम्ही त्या नवीन कम्युनिकेशनवाल्या. प्लॅस्टिकच्या विरोधात लिहिणाऱ्या.”

“...हो.”

“छान सुरुवात.”

माझे कान तापले. नोकरीचा तो तिसरा दिवस होता. त्या दिवसापासून मी स्टीलची बाटली वापरते. ते त्याच्यामुळे, हे मात्र मी कधी मान्य केलं नाही.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका बंद छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. काम सांगायला सोपं होतं. शहरातलं प्लॅस्टिक नाल्यांतून खाडीत जातं, ते आधीच अडवायचं. त्यासाठी नाल्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, नारिंगी फ्लोट्सची एक ओळ पाण्यावर तरंगत बांधलेली. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. कामगार तिला ‘माळ’ म्हणायचे. माळेशी जमलेला कचरा सम्यक आणि त्याची सहा माणसं रोज सकाळी काढून वजनकाट्यावर चढवायची. फोटो, पोस्टर, महिन्याचा अहवाल ही माझी कामं.

माझं पहिलंच पोस्टर गाजलं. ‘नव्वद टक्के प्लॅस्टिक इथेच अडतं!’ आमच्या प्रमुख सुहासिनी मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते नाल्याच्या दोन्ही काठांवर लावायला सांगितलं. आकडा मी माळ बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकातून घेतला होता.

सम्यक त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला.

“नव्वद,” तो म्हणाला.

“हो. का?”

“काही नाही. गोल आकडा आहे. दिसायला सुंदर.”

हे कौतुक होतं की टोमणा? त्याचा चेहरा बघून कधीच कळायचं नाही, हीच तर अडचण होती. डोळे सरळ बघायचे, आणि तो कोपऱ्यातला ओठ वेगळंच काहीतरी सांगायचा.

रोज सकाळी नऊला त्याचा मेसेज यायचा. ‘आजचं वजन ११२.४ किलो. आजचं आश्चर्य: एक हेल्मेट.’ आश्चर्याचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. तो त्याने फक्त माझ्यासाठी सुरू केला होता.

‘हेल्मेटमध्ये कोणी होतं?’ मी विचारलं.

‘एक खेकडा. लायसन्स मागितलं तर पळाला.’

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात पोहे खाताना मी एकटीच हसले. आई म्हणाली, “काय गं, काय झालं?” मी म्हटलं, “खेकडा.” तिने पोह्यांत डोकावून पाहिलं.

मग मी आठवड्यातून एकदा साइटवर जायची, ती दोनदा जायला लागले. मग तीनदा. कारणं तयार असायची: फोटोला उजेड चांगला, ओहोटीचा कचरा टिपायचाय. तो काट्याशेजारच्या टेबलावर दोन चहा आणून ठेवायचा, माझ्यात साखर कमी. हे मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पहिल्या दिवशी अर्धा चहा सोडलेलात. दुसऱ्या दिवशी एक चमचा कमी टाकून बघितला, पाऊण प्यायलात. तिसऱ्या दिवशी...”

“माझ्यावर प्रयोग करता?”

“निरीक्षण,” तो म्हणाला. “प्रयोग करताना आधी विचारायला लागतं.”

इतकं छान चाललेलं. म्हणूनच कदाचित मला संशय यायला लागला. छान चाललेल्या गोष्टीत कुठेतरी चूक असते, असं लॅबमध्ये शिकवतात.

आधी गोणी दिसली. काट्यामागे, ताडपत्रीखाली, एक पिवळी गोणी. आत फक्त बाटल्या — धुतलेल्या, घट्ट टोपणं लावलेल्या. बाकी सगळा माल त्याच दिवशी भंगाराच्या टेम्पोतून जायचा. ही गोणी तीन दिवस जागची हलली नव्हती.

“ही कसली?”

“असंच.”

“असंच म्हणजे?”

“असंच म्हणजे... असंच. चहा घेणार?”

“विषय बदललात.”

“चहा हाच माझा मुख्य विषय आहे.”

मी हसले नाही. तोही नाही. पहिल्यांदाच त्याने डोळे वळवले.

घरी जाऊन मी त्याच्या महिन्याभराच्या वजनांचा आलेख काढला. आकडे वरखाली होत होते, सुट्टीनंतर वाढत होते, आठवड्याच्या मधे घटत होते... अगदी असायला हवेत तसे. ते मला जास्तच संशयास्पद वाटलं. इतके शहाण्यासारखे वागणारे आकडे कुणाचे असतात?

सोमवारी तो माळेशी उतरलेला असताना टेबलावरचा त्याचा फोन उजळला. मी वाचायला नको होतं. पण अक्षरं मोठी होती, आणि माझी नजर चांगली आहे.

‘देवराम: बरं. उद्या सकाळी पन्नास सोडशील तवा फोन कर. मी जालं लावून ठेवतो.’

पन्नास काय? सोडायच्या कुठे? आणि जाळं कुणासाठी?

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी डोंबिवलीहून कळव्याला पोचले होते. माळेपासून तीनेकशे मीटर वर नाल्यावर आणखी एक पूल आहे, तिथून खालचा सगळा नाला दिसतो. तिथे पाण्याच्या पाइपाआड उभी राहिले. पाणी ओहोटीचं, खाडीकडे ओढ घेणारं. सम्यक आला. खांद्यावर पिवळी गोणी.

त्याने गोणी उघडली. एकेक बाटली काढून पाण्यात सोडायला लागला. काही डाव्या काठाने, मग पलीकडे जाऊन उजव्या काठाने. घाई नाही, भीती नाही. ओठ मात्र सारखे हलत होते, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे.

मी व्हिडिओ काढला. 

तर असं होतं. काढलेला कचरा पुन्हा पाण्यात टाकायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा मोजायचा. एकशे बारा पॉइंट चार! खेकडा! आश्चर्याचा रकाना! आणि काहीही तपासून न बघता मी तो व्हिडिओ सुहासिनी मॅडमना पाठवला. खाली लिहिलं: ‘आकडे फुगवले जातायत असं वाटतं.’

त्यांनी लगेच फोन केला. “बरं झालं आधी कळलं. गुरुवारी पालिकेत बैठक आहे. माळ पुढच्या वर्षी ठेवायची की काढायची, ते तिथे ठरणार आहे. तोपर्यंत त्याला घरीच बसू दे. बैठकीनंतर बघू, बहुतेक दुसरा माणूस शोधावा लागेल.”

“मॅडम, त्याला एकदा विचारायला...”

“तू स्वतः पाहिलंस ना?”

“हो.”

“मग?”

दुपारी त्याचा मेसेज आला. वजन नव्हतं. फक्त, ‘आजचं आश्चर्य: मला घरी बसवलं.’

मी फोन पालथा ठेवला आणि महिन्याचा अहवाल उघडला. 

बुधवारी सकाळी साइटवर मीच होते. कामगार माझ्याशी बोलत नव्हते. माझा चहा कुणीतरी आणून ठेवला, साखर भरपूर. तेवढ्यात खाडीच्या बाजूने एक म्हातारे कोळी काका आले. डोक्याला रुमाल, हातात ओली गोणी.

“काय गो पोरी, सम्यक नाय आला?”

“नाही. तुम्ही?”

“मी देवराम. त्याला सांग, अठरा गावल्या. परवा बोलला, काका, नाल्याच्या तोंडावर जालं लावा, माझी एक पण बाटली खाडीत जाता नये. दोन भरत्या बसून होतो मी. आता एक पण गेली नसंल.”

त्यांनी गोणी ओतली. अठरा बाटल्या. प्रत्येकीवर लाल रंगाने आकडा: ३, ९, ११, १४, ३८...

मी ओल्या सिमेंटवर खाली बसले. काट्याच्या टेबलाचा ड्रॉवर उघडून सम्यकचं रजिस्टर काढलं. मंगळवारच्या पानावर दोन रकाने आखलेले. वर लिहिलेलं: ‘सोडल्या ५०. १ ते २५ डावा काठ, २६ ते ५० उजवा.’ खाली, ‘माळेत अडकल्या’ समोर एकतीस आकडे.

त्याने कचरा वाढवला नव्हता. माळ खरंच किती अडवते, ते तो मोजत होता.

पन्नासात एकतीस. बासष्ट टक्के. माझं पोस्टर दोन्ही काठांवर फडफडत होतं.

सम्यक कल्याण पूर्वेला राहतो. पत्ता कामगारांनी दिला, पण आधी पाच मिनिटं माझ्याकडे नुसतं बघून घेतलं. चाळीतलं दार त्याच्या आईने, मंजुळाताईंनी उघडलं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ताजी फुलं, आणि बाजूला एक फ्रेम केलेली पदवी. बी.एस्सी., संख्याशास्त्र.

मी महिनाभर त्याच्यासोबत चहा प्यायले होते. तो काय शिकलाय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“तूच का गं ती व्हिडिओवाली?” मंजुळाताई म्हणाल्या.

“हो काकू.”

“बस. पाणी देते. स्टीलच्या ग्लासात चालेल ना?”

आतून सम्यक आला. हसू कुठल्याच कोपऱ्यात नव्हतं.

“देवरामकाकांना अठरा मिळाल्या,” मी म्हटलं.

“बरं झालं.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगणार? की तुमचं पोस्टर खोटं आहे असं मला वाटतं? नुसतं वाटतं, म्हणून? मोजल्याशिवाय मी कुणाला खोटं ठरवत नाही.”

‘वाटतं’ हा शब्द त्याने मुद्दाम वापरला की नाही, माहीत नाही. मला तो बरोबर लागला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही सायन्सवाल्या. रिकाम्या पन्नास बाटल्यांचं वजन किती?”

मी मनात गुणाकार केला. तो मंगळवारीही करता आला असता.

“एक किलो... तेवढंही नाही.”

“आणि रोजचा कचरा शंभर किलो. एका किलोसाठी मी पहाटे उठून आकडे फुगवणार?” तो थांबला. “माहितीपत्रकावर तुम्हाला संशय आला नाही. गमबूटवाल्यावर आला.”

मंजुळाताईंनी पाणी आणलं. मी पूर्ण ग्लास प्यायले.

“चुकले मी,” शेवटी म्हटलं. “सॉरी. आत्ता सुहासिनी मॅडमना लिहिते, तुमच्यासमोर. आणि उद्या बैठकीत बासष्ट सांगते.”

“बासष्ट सांगितलं तर माळ काढतील. माझी सहा माणसं आहेत तिथे.”

“नव्वद सांगितलं आणि कुणी मोजलं, तर?”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मग तुमच्याकडे गमबूट असतील ना एक्स्ट्रा?”

कोपरा हलला. किंचित. पण मी निरीक्षणात कच्ची नाही.

सुहासिनी मॅडम चिडल्या. “बासष्ट टक्के पोस्टरवर कोण छापतं, क्षिप्रा?”

“आपण,” मी म्हटलं.

 मग त्या म्हणाल्या, “त्या मुलाला उद्या सोबत घेऊन ये. रजिस्टरसकट.”

बैठकीत मी आकडा सांगितला तेव्हा खोलीत कुजबुज झाली. मग एका इंजिनिअरने चष्मा काढून विचारलं, “उरलेलं कुठून निसटतं, ते सांगू शकाल?” सम्यक उठला. इस्त्रीचा निळा शर्ट, आणि हातात तेच चिखल लागलेलं रजिस्टर. निसटलेल्या बहुतेक बाटल्या पंचवीसच्या आतल्या होत्या, म्हणजे डाव्या काठाच्या. ओहोटीला तिथे माळ वाकते आणि फट पडते. त्या वळणावर दुसरी छोटी माळ लावा, एवढंच त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता.

इंजिनिअरने लिहून घेतलं. माळ राहिली, दुसरीलाही मंजुरी मिळाली. सम्यक कामावर परतला.

पण मेसेज नुसता वजनाचा यायला लागला. १०४.२. ९८.७. खाली आश्चर्य नाही. चहा यायचा, साखर बेताची, पण तो आणून ठेवायचा आणि माळेकडे निघून जायचा. रागावलाय? की मुळात काही नव्हतंच, आणि खेकड्यापासून सगळं मीच फुगवलं होतं?

आणि एक गोष्ट मला टोचत होती. एकतीस आणि अठरा, एकोणपन्नास. मी यादी जुळवली होती. सात नंबर कुठेच नव्हता. देवरामकाका म्हणाले होते, एक पण गेली नसेल. सम्यकला विचारलं तेव्हा तो रजिस्टरात बघत म्हणाला होता, “सात? गेली असेल खाडीत.” आणि डोळे वळवले होते. गोणीच्या दिवशी वळवले तसेच.

मी संशय घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. मोजायला मात्र हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, नव्या पोस्टरसाठी फोटो शोधताना, मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी थांबवत थांबवत. त्याचे ओठ हलत होते. आता कळलं, तो नंबर वाचत होता. एक, दोन, तीन... सहा. मग त्याने गोणीतून एक बाटली काढली. हात पाण्याकडे गेला. थांबला. त्याने टोपणाकडे पाहिलं, इतका वेळ की माझा थरथरणारा व्हिडिओसुद्धा स्थिर झाल्यासारखा वाटला. आणि बाटली शर्टाच्या आत सरकवून त्याने पुढची काढली. आठ.

त्या मंगळवारी मी फक्त पाण्यात काय पडतंय तेवढंच पाहिलं होतं.

मी ऑफिसमधून रिक्षाने पुलापर्यंत आणि तिथून पळतच साइटवर गेले. तो काटा पुसत होता.

“तुमचा आकडा चुकलाय,” मी धापा टाकत म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. “कुठला?”

“बासष्ट. तुम्ही पन्नास सोडल्याच नाहीत. एकोणपन्नास सोडल्या. एकतीस भागिले एकोणपन्नास — त्रेसष्ट पॉइंट तीन.”

“...व्हिडिओत मोजलंत?”

“तीनदा. सात नंबर कुठे आहे?”

त्याने मानेमागे हात नेला. काट्याकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, मग हळूच टेबलाच्या खालच्या कप्प्यातून एक बाटली काढून समोर ठेवली. लाल रंगात ७. टोपणावर माझं अक्षर: क्षि. ३/११.

“नंबर तर टाकलेला,” तो म्हणाला. “सोडणार पण होतो. म्हटलं, प्रयोग म्हणजे प्रयोग. पण हातातून... सुटेना. एक टक्क्याचा फरक पडेल हे माहीत होतं मला.”

“आणि तरी बैठकीत गप्प बसलात? माझ्या पोस्टरचा आकडा मोजून बघणारे तुम्ही?”

“काय सांगणार होतो? इंजिनिअरसमोर?”

“आश्चर्याचा रकाना का बंद केला?”

“तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही असं वाटलं.” तो थांबला. “वाटलं. मोजलं नव्हतं.”

नाल्यावर भरतीचं पाणी चढत होतं. माळेचे नारिंगी फ्लोट्स एकेक करून हलले. मी बॅगेतून मार्कर काढला, त्याचं रजिस्टर ओढून घेतलं, आणि त्या मंगळवारच्या पानावरचे ५० खोडून ४९ केले.

“खोडलंय तर बाजूला कारण लिहावं लागतं,” मी म्हटलं. “लॅबचा नियम. काय लिहू?”

“तूच लिही ना,” तो म्हणाला. “कम्युनिकेशनवाली तू आहेस.”

तू. महिनाभरात पहिल्यांदा.

मी लिहिलं: ‘क्र. ७ — हातून सोडवली नाही.’ खाली सही केली आणि मार्कर त्याच्याकडे दिला. त्याने वाचलं. मग रजिस्टर बाजूला ठेवून बाटली उचलली, आणि टोपणावर, माझ्या अक्षराशेजारी, जपून लिहिलं: स. आजची तारीख.

रात्री... नाही, रात्रीपर्यंत कोण थांबतंय. मी पुलावर पोचते न पोचते तोच फोन वाजला.

‘आजचं वजन १०१.३ किलो. आजचं आश्चर्य: वर बघू नको, खाली बघ.’

खाली गाळात तो गमबूट घालून उभा होता, मान वर करून. आणि या वेळी मला पूर्ण खात्री होती. ते हसूच होतं.